पोटाच्या चरबीतून नवा स्तन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कॅन्सरमुळे स्तन काढल्यावर बेंबीखालची त्वचा आणि चरबी वापरून नवा स्तन घडवता येतो. हा भाग पोटापासून पूर्ण सुटा करतात आणि त्याच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली छातीतल्या रक्तवाहिन्यांना जोडतात. यालाच ‘फ्री फ्लॅप’ म्हणतात.

गैरसमज: स्नायू कापल्याने पोट कायमचं कमजोर होतं.
वस्तुस्थिती: ‘ट्रॅम’ या जुन्या पद्धतीत पोटाचा स्नायूही घेत. 1990 च्या दशकात रुळलेल्या ‘डीप’ पद्धतीत स्नायू जागीच राहतो. त्यातून रक्तवाहिन्या तेवढ्या सोडवून घेतात. त्यामुळे पोट फुगण्याचा किंवा हर्नियाचा धोका घटतो, पण संपत नाही.

गैरसमज: शरीराने स्वीकारलं नाही तर फ्लॅप सडतो.
वस्तुस्थिती: ऊती स्वतःच्याच असल्याने शरीर त्या नाकारत नाही. खरा धोका जोडलेल्या रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा. म्हणून पहिले दोन-तीन दिवस फ्लॅपचा रंग आणि ऊब सतत तपासतात. वेळीच कळलं तर पुन्हा शस्त्रक्रिया करून तो बऱ्याचदा वाचवता येतो. अनुभवी केंद्रांत संपूर्ण फ्लॅप निकामी होण्याचं प्रमाण साधारण 1 ते 3 टक्के असतं. तंबाखू आणि मशेरीतल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे तंबाखू-मशेरी शस्त्रक्रियेआधीच सोडावी लागते.

गैरसमज: नव्या स्तनात गाठ लागली, म्हणजे कॅन्सर परतला.
वस्तुस्थिती: रक्त कमी पोचलेली चरबी कडक होऊनही गाठ लागते. तपासणी मात्र टाळू नये. पुनर्रचनेमुळे कॅन्सर परतण्याचा धोका वाढत नाही.

गैरसमज: इम्प्लांट सोपं, म्हणून तेच चांगलं.
वस्तुस्थिती: इम्प्लांटची शस्त्रक्रिया छोटी असते आणि बाई लवकर हिंडू-फिरू लागते. पण पुढे ते बदलावं लागू शकतं. रेडिएशननंतर त्याभोवतीचं आवरण आकसण्याचा त्रासही वाढतो. फ्लॅपला बरेच तास लागतात आणि सुरुवातीची गुंतागुंत जास्त असते. मात्र एकदा तो रुजला की टिकतो. उत्तर अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांच्या अभ्यासात दोन वर्षांनी स्वतःच्या ऊती वापरलेल्या स्त्रिया स्तनाबाबत अधिक समाधानी आढळल्या.

गैरसमज: स्तन अगदी पूर्वीसारखा होतो.
वस्तुस्थिती: आकार आणि मऊपणा जवळपास तसा येतो, संवेदना मात्र बऱ्याचदा अर्धवटच परततात. ओटीपोटावर आडवा लांब व्रण राहतो. स्तनाग्रासाठी किंवा आकार सारखा करण्यासाठी पुन्हा छोटी शस्त्रक्रिया लागू शकते. शिवाय पोटाचा हा भाग एकदाच वापरता येतो.

म्हणून निर्णयाआधी सर्जनला विचारा: अशा किती शस्त्रक्रिया केल्या, रात्री गुठळी झाली तर टीम हजर असते का आणि रेडिएशन पुनर्रचनेआधी की नंतर?