पाचटाचा धूर छातीत उतरतो तेव्हा

ऊस कारखान्याला गेला की कोल्हापूर-सांगलीकडे संध्याकाळी एखाद्या तरी फडातलं पाचट पेटलेलं दिसतं. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी भुरभुरते. बायका ती झटकतात आणि कामाला लागतात. ही डोळ्यांना दिसणारी काजळी बरीचशी नाकाघशातच अडते. खरा घात करतात ते न दिसणारे कण.

अडीच मायक्रॉनहून लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याहूनही बारीक असलेले हे कण थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. रक्तात प्राणवायू मिसळतो तो इथेच. इथल्या भक्षक पेशी कण गिळतात, पण त्या खटाटोपात दाह वाढवणारी रसायनंही सोडतात. श्वासनलिकांच्या अस्तरावरची बारीक लव एरवी कफासोबत घाण वर ढकलत असते. धुरातल्या ॲक्रोलीनसारख्या वायूंनी तीच मंदावते. कफ साठतो, नळ्या आवळतात आणि दम्याच्या माणसाला रात्री उठून बसावं लागतं. वर्षानुवर्षं असा धूर छातीत गेला तर सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजाराचा धोका वाढतो आणि या आजारात गेलेली फुप्फुसाची ताकद परत येत नाही.

ब्राझीलमध्ये साव पाउलो राज्यातल्या अराराक्वारा शहराभोवती तोडणीआधी उभा ऊसच पेटवत. तिथला 2007 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की जाळण्याच्या हंगामात दम्यामुळे रुग्णालयात दाखल होणारे एरवीपेक्षा जवळपास दीडपट होते. आपल्याकडे गळीत हंगाम ऐन थंडीत असतो. जमिनीलगतची हवा गार, वरची उबदार. त्यामुळे रात्रीचा धूर वर जातच नाही. सकाळी शाळेला निघालेली पोरं तोच ओढतात. तोंडाला बांधलेला पंचा इतके बारीक कण अडवू शकत नाही.

शेतकऱ्याची अडचणही खरी आहे. मजूर मिळत नाहीत, खोडव्याला पाणी द्यायची घाई असते, पाचटात पाणी नीट पुढे सरकत नाही. पण हेक्टरी आठ-दहा टन पाचट जाळणं म्हणजे जमिनीचं खतही जाळणं. बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट सरीत दाबा, त्यावर हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सुपर फॉस्फेट आणि 10 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाका. घरात दम्याचं माणूस किंवा तान्हं मूल असेल, तर यंदापासूनच काडी ओढू नका. शेजाऱ्यालाही सांगा.