ओरादूरचे उद्ध्वस्त गाव का जपले गेले?

फ्रान्समधील लिमोज शहरापासून सुमारे वीस किलोमीटर अंतरावर ओरादूर-स्यूर-ग्लान या एकाच नावाची दोन गावे शेजारी शेजारी आहेत. एकात लोक राहतात. दुसऱ्यात आहेत त्या छप्पर नसलेल्या भिंती, गंजलेल्या मोटारी, शिवणयंत्रे आणि ट्रामचे रूळ. हे दुसरे गाव १० जून १९४४ रोजी एका दुपारीत संपले.

त्याआधी चारच दिवस दोस्त फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या होत्या. त्यांना तोंड देण्यासाठी 'दास राइख' ही नाझी एसएस दलाची चिलखती डिव्हिजन दक्षिण फ्रान्समधून उत्तरेकडे निघाली. वाटेत फ्रेंच प्रतिकारकांच्या कारवाया सुरू होत्या. जरब बसविण्यासाठी ९ जून रोजी त्यूल शहरात ९९ पुरुषांना फासावर लटकविण्यात आले. दुसऱ्या दिवशी एसएसची एक तुकडी ओरादूरमध्ये शिरली.

ओळखपत्रे तपासण्याच्या निमित्ताने ग्रामस्थांना बाजाराच्या मैदानावर जमविण्यात आले. पुरुषांना कोठारांत नेऊन गोळ्या घातल्या गेल्या. स्त्रिया आणि मुलांना चर्चमध्ये कोंडून मारण्यात आले. त्यानंतर गाव पेटवून देण्यात आले. चर्चमधून एकच स्त्री जिवंत बाहेर पडू शकली. मृतांची संख्या ६४२ मानली जात असे. २०२० मध्ये एका स्पॅनिश निर्वासित स्त्रीची नोंद सापडल्याने ती ६४३ झाली.

न्यायाचा पेच

मार्च १९४५ मध्ये जनरल द गॉल येथे आले. १९४६ मध्ये भग्नावशेषांना संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला आणि नवे गाव शेजारी वसविण्याचे ठरले. गुन्हेगारांना शिक्षा देणे मात्र इतके सरळ नव्हते. १९५३ मध्ये बोर्दो येथील लष्करी न्यायालयात उभ्या राहिलेल्या २१ आरोपींपैकी १४ जण फ्रान्सच्याच आल्सास प्रांतातील होते. जर्मनीने १९४० मध्ये हा प्रांत गिळंकृत करून पुढे तेथील तरुणांची सक्तीने भरती केली होती. या चौदांपैकी तेरा जण असे सक्तीने भरती झालेले होते. त्यांनाही शिक्षा होताच आल्सासमध्ये संताप उसळला आणि राष्ट्रीय ऐक्यासाठी फ्रेंच संसदेने काही दिवसांतच त्यांना माफी दिली.

ओरादूरने ती स्वीकारली नाही. गावाने शासनाने दिलेली सन्मानचिन्हे परत केली. शासनाने बांधलेल्या स्मारकात आप्तांचे अवशेष ठेवण्यासही कुटुंबांनी नकार दिला. एका प्रांताला सक्तीचे बळी दिसत होते, तर एका गावाला आपल्या मुलांचे मारेकरी. आणि दोघांचे म्हणणे निराधार नव्हते.

भिंतींचे आयुष्य

२०१३ मध्ये जर्मनीचे तत्कालीन अध्यक्ष योआखिम गाउक यांनी फ्रान्सचे तत्कालीन अध्यक्ष फ्रान्स्वा ओलांद यांच्यासह या अवशेषांना भेट दिली. कोठारातील गोळीबारातून बचावलेले रॉबेर एब्रास तेव्हा त्यांच्यासोबत होते. हत्याकांडातून वाचलेल्यांपैकी ते अखेरचे. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

आता साक्ष उरली ती भिंतींची. ऊन, पाऊस आणि गोठविणारी थंडी त्यांना दरवर्षी झिजवते. डागडुजी केली नाही तर त्या कोसळतील; फार केली तर गाव जळालेले दिसणार नाही. या दोहोंमधील वाट काढत तेथील जतनाचे काम चालते.