धुराडे राहिले, घराचे काय?

लोअर परळच्या फिनिक्स गिरणीचे धुराडे आजही उभे आहे. त्याच्या पायथ्याशी साचे नाहीत; झगमगती दुकाने आहेत. जुन्या वास्तूचा एखादा अवशेष राखला की वारसा जपला, अशी जी समजूत आपल्या सुशिक्षित समाजात रूढ होत आहे, तिचे हे प्रतीकच होय. ती समजूत अपुरी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जाड भिंती, बिडाचे खांब, उंच मजले, उत्तरेचा उजेड घेणारी करवतीच्या दात्यांसारखी छपरे ही गिरण्यांची रचना यंत्रांसाठी झाली खरी. परंतु भक्कमपणा आणि प्रकाश यंत्रांइतकेच माणसांनाही हवे असतात. व्हिएन्ना नगरीने हे ओळखले. तेथे १८९६ ते १८९९ या काळात गॅस साठविण्यासाठी चार प्रचंड गोलाकार वास्तू बांधण्यात आल्या होत्या. त्या निरुपयोगी ठरल्यावर नगरीने त्या पाडल्या नाहीत. विटांचे बाह्य कवच राखून, मध्ये प्रकाशासाठी चौक सोडून, १९९९ ते २००१ या काळात आत सहाशेंहून अधिक घरे व विद्यार्थ्यांचे वसतिगृह उभारण्यात आले; भुयारी रेल्वेही दाराशी आली. वास्तू राहिली आणि तीत माणसेही राहू लागली.

मुंबईत काय घडले? १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा मोठा वाटा उद्याने व सार्वजनिक घरे यांसाठी राखला होता. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी केवळ मोकळ्या जमिनीची, इमारतीखालच्या जमिनीची नव्हे, असे ठरले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या बदलास मान्यता दिली. परिणाम असा की, इमारत पाडली तरी तिच्याखालची जमीन वाटणीतून सुटली! मग ती इमारत राखण्याची तसदी कोण घेणार?

२०१२ मध्ये गिरणी कामगारांसाठी ६,९२५ घरांची सोडत निघाली. अर्जदारांची संख्या मात्र लाखाच्या पुढे गेली होती. ज्यांच्या श्रमांवर ही नगरी उभी राहिली, त्यांच्या वाट्याला सोडतीची चिठ्ठी यावी, हा कोणता न्याय?

प्रत्येक जुनी गिरणी निवासास योग्य असेल, असे आम्ही म्हणत नाही. जुनी वास्तू सुधारणे खर्चाचे आहे, हेही खरे. परंतु ज्या थोड्या वास्तू उरल्या आहेत, त्यांवर घाव घालण्यापूर्वी येथे घरे होऊ शकतील काय, याची जाहीर तपासणी व्हावी; आणि होणाऱ्या घरांत कामगारांच्या कुटुंबांचा वाटा आधी निश्चित व्हावा. एवढी मागणी अवाजवी खास नाही.

उद्या एखादे मूल विचारील, ‘हे धुराडे कोणाचे?’ तेव्हा गिरणीचे नाव सांगून आपली सुटका होणार नाही. त्याखाली राबणारे कोठे गेले, हा त्याचा पुढचा प्रश्न असेल.