आजीचा फोन काढून घेतला तेव्हा

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी एक निर्णय झाला. आजीचा स्मार्टफोन कपाटात ठेवायचा आणि तिला बटणांचा साधा फोन द्यायचा. निर्णय बाबांचा, त्याला पुण्याच्या काकांचा पाठिंबा आणि मी गप्प.

कारणं होती. आजी विसरायला लागली होती. सकाळी सांगितलेलं दुपारी पुन्हा विचारायची. कुकरच्या शिट्ट्या मोजताना चुकायची. मावसभावाच्या मुंजीची तारीख तीनदा सांगूनही तिनं चौथ्यांदा चुकीची सांगितली. आणि दिवसभर हातात फोन, तोही एवढ्या मोठ्या आवाजात की शेजारच्यांनाही कीर्तन ऐकू जावं. त्यातच काकांनी ‘डिजिटल डिमेन्शिया’ असा एक मेसेज ग्रुपवर टाकला. झालं!

आजी काही बोलली नाही. पदरानं फोन पुसला, चार्जरची वायर गुंडाळली आणि बाबांच्या हातात दिला. आम्हाला वाटलं, बरं झालं, वाद झाला नाही.

दोनच आठवड्यांत लक्षात आलं की त्या फोनबरोबर बरंच काही कपाटात गेलं होतं. ग्वाल्हेरच्या मावशीआजीशी रोज चार वाजता व्हिडिओ कॉल व्हायचा. साध्या फोनवर ‘मला काही समजत नाही गं’ म्हणून दोन मिनिटांत संपायला लागला. लोकमान्य नगरातल्या भिशीच्या बायकांचा ग्रुप बंद. पंचांग फोनमध्येच होतं, त्यामुळे आज चतुर्थी आहे का हे आता आईला विचारायचं. रक्तदाबाच्या गोळीचा अलार्म गेला आणि गोळी दोनदा राहिली. विसराळूपणा कमी व्हावा म्हणून फोन काढला, तर तो वाढल्यासारखाच दिसायला लागला.

मग मी जरा वाचायला बसले. ‘डिजिटल डिमेन्शिया’ हा शब्द मुख्यतः मानफ्रेड श्पिट्झर या जर्मन मानसोपचारतज्ज्ञांच्या 2012 च्या पुस्तकामुळे पसरला. त्यांचा मुख्य रोख होता मुलांवर आणि तरुणांवर. त्याआधी 2011 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. माहिती संगणकात साठवलेली आहे असं वाटलं की माणसं ती कमी लक्षात ठेवतात, असं त्यात दिसलं. आपल्यापैकी किती जणांना आईचा मोबाईल नंबर पाठ आहे? तेव्हा भीती अगदीच निराधार नाही. पण ती आजीला लागू पडते का, हा वेगळा प्रश्न.

त्याचं बऱ्यापैकी मोठं उत्तर 2025 मध्ये आलं. टेक्सासमधल्या जॅरेड बेंज आणि मायकेल स्कलिन या दोन संशोधकांनी 57 अभ्यास एकत्र करून पाहिले. पन्नाशी ओलांडलेली चार लाखांहून जास्त माणसं त्यात होती. मोबाईल, संगणक, इंटरनेट वापरणाऱ्या ज्येष्ठांमध्ये स्मरणशक्ती आणि आकलन बिघडण्याची शक्यता जवळजवळ 58 टक्क्यांनी कमी दिसली. शिक्षण आणि उत्पन्न यांचा हिशेब धरूनही फरक उरलाच.

हा आकडा बाबांच्या तोंडावर फेकायची मला फार इच्छा झाली. पण थोडं थांबावं लागतं. ज्यांचा मेंदू शाबूत आहे तेच फोन वापरत राहतात आणि ज्यांचा थकतो ते सोडून देतात, असंही असू शकतं. फोन औषध आहे असं यातून सिद्ध होत नाही. पण ‘फोनमुळे म्हाताऱ्यांचा मेंदू सडतो’ या म्हणण्याला आधार सापडला नाही, एवढं मात्र नक्की.

फायदा होत असेल तर का, याबद्दल याच संशोधकांनी तीन गोष्टी सुचवल्या. नवीन, किचकट काहीतरी शिकताना मेंदूला काम पडतं. लोकांशी संबंध टिकतो. आणि जे आठवत नाही ते आठवून द्यायला हाताशी काहीतरी असतं. म्हणजे अपडेट झाल्यावर बटण जागेवरून हललं की आजीची जी चिडचिड होते, ती चिडचिडही कामाचीच!

दरम्यान आईनं सगळ्यात शहाणपणाची गोष्ट केली. वाद घालत न बसता आजीला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी स्मरणशक्तीची चाचणी घेतली, रक्त तपासायला सांगितलं आणि कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. आजीला दोन्ही कानांनी बरंच कमी ऐकू येत होतं. कुकरच्या शिट्ट्या, मुंजीची तारीख, सकाळचे निरोप, यातलं कितीतरी ती विसरली नव्हती. ते तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. आणि ‘काय म्हणालीस?’ असं दहादा विचारायची लाज वाटते म्हणून ती फोनमध्ये डोकं घालून बसायची. तिथे आवाज वाढवता येतो, चेहरा दिसतो, पुन्हा मागे जाऊन ऐकता येतं. आम्ही ज्याला रोग समजलो तो तिनं शोधलेला उपाय होता.

ऐकू कमी येणं हे डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. ‘लॅन्सेट’च्या आयोगानं 2024 च्या अहवालात अशी 14 कारणं दिली आहेत. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, कमजोर नजर, एकटेपणा ही त्यातली काही. मोबाईल त्या यादीत नाही. आपल्या देशात साठीपुढच्या साधारण 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाख जणांना डिमेन्शिया आहे असा अंदाज आहे. तेव्हा विसरभोळेपणा हसण्यावारी नेऊ नये, हेही खरं. एक खूण मात्र आपण नातवंडंच आधी ओळखू शकतो. वर्षानुवर्षं सहज फोन लावणाऱ्या माणसाला अचानक तो लावता येईनासा झाला, तर डॉक्टरांना नक्की सांगा. ज्येष्ठांना रोजची कामं जमतात का, हे तपासायची 1969 मध्ये तयार झालेली एक प्रश्नावली डॉक्टर आजही वापरतात. तिच्यातला पहिलाच प्रश्न टेलिफोन वापरता येतो का, हा आहे.

आजीच्या कानाला मशीन लागलं आणि फोनही परत मिळाला. बाबांनी तो स्वतः चार्ज करून दिला. माफीबिफी काही मागितली नाही, आमच्या घरात ती पद्धत नाही.

माझी चूक मला नंतर दिसली. आजीनं काही विचारलं की मी ‘दे इकडे’ म्हणत फोन हातातून ओढायचे, चार सेकंदांत काम करून परत द्यायचे. डोक्याला व्यायाम व्हायचा असेल तर तो माझ्या डोक्याला होत होता! स्कलिन यांनीच 2022 मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला होता. विस्मरणाची सुरुवात झालेल्या ज्येष्ठांना फोनवर आठवणी लावायला किंवा बोलून नोंद करायला शिकवलं. चार आठवड्यांनी रोजच्या विसरण्याच्या तक्रारी कमी झाल्या. शिकवलं, हा शब्द मी स्वतःसाठी अधोरेखित केलाय. आता मी हात मागे बांधून बसते आणि तोंडानं सांगते. फार जड जातं.

पैशांच्या बाबतीत मात्र एक नियम केलाय. पोलीस, कोर्ट, कस्टम असं म्हणत कोणी घाबरवलं तर फोन ठेवायचा आणि आईला हाक मारायची. व्हिडिओ कॉलवर कोणालाही अटक होत नसते, हे वाक्य तिला पाठ आहे. 1930 हा सायबर तक्रारीचा नंबर फ्रिजवर चिकटवलाय. आणि रात्री दहानंतर फोन दिवाणखान्यात, सगळ्यांचेच. हा नियम आजीनं घातला, आणि तो मोडताना दोनदा मीच सापडले.

परवा तिनं विजेचं बिल स्वतः भरलं. बावीस मिनिटं लागली, दोनदा पिन चुकला. मी समोर बसून शेंगा सोलत होते. पैसे गेल्याची टिंग वाजली तशी तिनं मान वर केली आणि म्हणाली, “ऐकू आलं गं.”