नववी मात्रा

आमचा नातू आठ वर्षांचा. जेवण संपेपर्यंत तो दोनदा अंगणात जाऊन येतो. शाळेच्या तिसऱ्या चिठ्ठीत ‘दुसरी शाळा पाहावी’ असे आले, तेव्हा सूनबाई रडलीच. डॉक्टरांनी अवधानाचा दोष सांगून उपचार सुरू केले. तालाचे मी विचारले, तर म्हणाले, “जरूर करा, पण उपचारांच्या जोडीला, त्यांच्या जागी नव्हे.”

मी हौशी तबलजी. रोज दहा मिनिटे त्याच्याबरोबर तीनताल धरू लागलो. सोळा मात्रा, पहिली, पाचवी, तेरावी यांवर टाळी, नववीवर खाली. टाळ्या त्याने लगेच उचलल्या. अडले ते खालीवर! हात न्यायचा, पण वाजवायचे नाही, हे काही जमेना. एकदा चिडून त्याने डग्गाच लाथाडला. (डग्ग्यापेक्षा मलाच अधिक लागले!)

चूक माझीच होती. मी माझ्या संथ लयीत त्याला ओढत होतो. मग लय त्याच्या धावपळीइतकी जलद धरली आणि रोज किंचित उतरवत नेली. दोन महिन्यांनी खाली साधली.

परवा पानात भात पडायला उशीर झाला. सूनबाईने धास्तीने वळून पाहिले. स्वारी मांडीवर बोटांनी मात्रा मोजीत बसली होती. शाळेला पत्र धाडले आहे. उत्तर यायचे आहे.