सातला पाच कमी

‘प्राइम टाइम कसा ठरतो?’ यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मुंबईतल्या मराठी वाहिन्याच डोळ्यांसमोर आल्या. पण मी गेले रत्नागिरीला. कोकणातल्या आजोळी रात्रीच्या भाताचं आधण रेडिओवर ठरायचं. बातम्या लागल्या की आजी तांदूळ वैरायची. ती वेळ कोणी तरी आधी कागदावर मांडलेली असणार, आणि तो कागद मला पाहायचा होता.

टीव्हीवर वेळेची लढाई उघड असते. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि मालिकेची वेळ बदलते, नाहीतर मालिकाच आटोपती घेतात. अमेरिकेत सप्टेंबर ते मे असा हंगाम धरून आराखडा बांधतात. आपल्या रोजच्या मालिकांना हंगाम नाही, चालतील तोवर चालवायच्या. तरी वेळेची जाण तिथेही लागतेच. सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रित झालेली ‘रात्रीस खेळ चाले’ झी मराठीने फेब्रुवारी २०१६ मध्ये रात्री साडेदहाला सुरू केली. जेवणं आटोपलेली, बाहेर सामसूम. दिवेलागणीच्या गडबडीत तीच गोष्ट एवढी भिववती ना.

आकाशवाणीचं रत्नागिरी केंद्र १९७७ सालचं, मध्यम लहरींवर ११४३ किलोहर्ट्‌झ. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ मध्ये. म्हणजे सुरुवातीला मंडणगडापासून सावंतवाडीपर्यंतचा सगळा मुलूख एकाच जिल्ह्यात होता. इतिहास एवढा पुरे. मला ओढ होती ती वेळा मांडलेल्या त्या कागदाची, चार्टची.

‘फिक्स्ड पॉइंट चार्ट’ हे त्याचं कचेरीतलं नाव. बातम्यांच्या वेळा म्हणजे रोवलेल्या खुंट्या, त्या हलायच्या नाहीत. त्यांच्यामधल्या जागेत शेती, महिला, युवक, सुगम संगीत यांचे वार आणि मिनिटं ठरतात आणि तिमाहीगणिक कार्यक्रम आखले जातात. एका निवृत्त ड्यूटी ऑफिसरनी आपल्या पडवीत बसून, लाईटच्या बिलामागे पेन्सिलीने तो मला काढून दाखवला.

“ताई, रेडिओत पुढे मोजायचं नसतं, उलटं मोजायचं,” ते म्हणाले. संध्याकाळी सातला मुंबईहून प्रादेशिक बातम्या घ्यायच्या. सातला पाच कमी असताना भाषण संपलं. हातातलं गाणं तीन मिनिटं चाळीस सेकंदांचं, निवेदनाला वीस सेकंद. उरलं एक मिनिट. तिथे बासरी. “वाद्यसंगीत कुठेही अलगद मिटवता येतं. गाण्याची ओळ मधेच तोडली की ती ऐकणाऱ्याच्या घशात अडकते.” प्रसारणात सेकंदभर जरी शांतता पडली, तरी ते ती लॉगबुकात लिहून ठेवत. हे सांगताना त्यांचं बोट बिलावर आपोआप टकटक करत होतं, सेकंदाला एक.

तुमचा प्राइम टाइम कोणता, असं विचारल्यावर म्हणाले, “ज्याचा हात गुंतलेला आणि कान मोकळा, त्याचा.” मग त्यांनी वर्ष उलगडलं. आंबा मोहरावर असताना तुडतुड्यांवरच्या फवारणीचा सल्ला आदल्या संध्याकाळीच जायला हवा, कारण सकाळी बागायतदार पंप पाठीला लावून झाडाखाली असतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी, तेव्हा खलाशी किनाऱ्यावर जाळी विणत बसलेला असतो आणि त्याला गप्पा ऐकायला वेळ असतो. बंदी उठली की त्याला एकच गोष्ट हवी, समुद्राचं हवामान, आणि तेही होडी सुटायच्या आत. लावणीच्या दिवसांत दुपारी घरात कोणी नसतं. गणपतीत घर भरलेलं, पण आरतीच्या वेळी भाषण लावून काय उपयोग?

ही माहिती कुठल्याही टीआरपीत सापडायची नाही. ती अंगात मुरलेली असते, आणि माझी काळजी इथेच सुरू होते.

प्रसार भारती देशभरात मध्यम लहरींचे प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद करून एफएमकडे वळते आहे. एफएमचा आवाज स्वच्छ, हे खरं. पण त्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. आड डोंगर आला की खालच्या वाडीत खरखर, आणि समुद्रात लांब गेलं की क्षितिजाआड सगळं विरतं. मध्यम लहरी जमिनीला बिलगून जातात आणि खाऱ्या पाण्यावरून तर फारच दूर पोहोचतात. ज्या किनाऱ्याला त्यांची सर्वांत जास्त गरज, तिथेच त्या सर्वांत चांगल्या चालतात. मोबाईलवर आकाशवाणी ऐकता येते, असं उत्तर मिळतं. भर समुद्रात रेंज गेलेल्या होडीला त्या उत्तराचा काय आधार?

दुसरी अडचण माणसांची. आकाशवाणीत कायमची भरती वर्षानुवर्षं रखडलेली आहे. निवेदनाचा मोठा भार नैमित्तिक उद्घोषकांवर, ज्यांना महिन्यातल्या मोजक्याच पाळ्या मिळतात. माणसं कमी झाली की दुसऱ्या केंद्राचा कार्यक्रम सहक्षेपित करणं सोपं पडतं. घड्याळ तेव्हाही बरोबरच चालतं, बातम्या सातलाच लागतात. फक्त खुंट्यांमधली जागा परकी होते. फवारणीचा सल्ला दुसऱ्या दिवशी दुपारी आला, तर तो अचूक असूनही वाया गेला.

चार्ट मुंबईत बनवा, दिल्लीत बनवा, पण बनवणाऱ्याला रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातली होडी कधी सुटते हे ठाऊक हवं. ज्यांना ते ठाऊक आहे ती माणसं एकेक करून निवृत्त होताहेत. त्यांच्याकडून ते शिकून घ्यायला पडवीत कोणी तरी येऊन बसायला हवं, आणि ते याच तिमाहीत.