फौजीचं परदेशी पोस्टिंग आणि घरच्यांचं नवं बिऱ्हाड: गैरसमज आणि वस्तुस्थिती

वर्धा जिल्ह्याला फौज नवी नाही. देवळी तालुक्यातल्या पुलगावला सैन्याचं केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. त्याच्या कॅम्पमध्ये देशाच्या कानाकोपऱ्यातली कुटुंबं येतात, काही वर्षं राहतात आणि बदली झाली की बाडबिस्तरा बांधून निघतात. ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर या भांडाराला आग लागली. अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी प्राणाला मुकले आणि फौजी घरांवर काय बेतू शकतं ते अख्ख्या जिल्ह्याने जवळून पाहिलं. इथल्या गावांमधूनही मुलं सैन्यात जातात. तरीही ‘पोराचं परदेशात पोस्टिंग झालं’ अशी बातमी गावात आली, की पाठोपाठ ऐकीव माहितीचा पूर येतो. कोणी म्हणतं सून आता फॉरेनला जाणार, कोणी म्हणतं डॉलर छापणार, कोणी म्हणतं नातवंडांच्या शाळेचं वाटोळं झालं.

या ऐकीव माहितीचा भुर्दंड संसाराची घडी नव्याने बसवणाऱ्या बाईला भरावा लागतो. म्हणून नेहमी कानावर पडणारे समज एकेक करून तपासून घेऊ.

गैरसमज १: परदेशी मिशनवर गेलेला जवान बायकामुलांनाही नेतो.

वस्तुस्थिती: संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत जाणाऱ्या भारतीय तुकड्या कुटुंबाविना जातात. लेबनॉनमध्ये १९९८ पासून आणि दक्षिण सुदानमध्ये २०११ पासून आपले सैनिक आहेत. त्याआधी १९९३-९४ मध्ये सोमालियाला गेलेल्या भारतीय ब्रिगेडमध्ये महार रेजिमेंटची पलटणही होती. अशा ठिकाणी सैनिक छावणीत राहतो आणि तुकडीचा मुक्काम साधारण वर्षभराचा असतो. त्या वर्षात नवं घर लागतं ते इकडे भारतात, बहुतेक वेळा त्याच्या गैरहजेरीत.

पैशाबद्दलही असाच घोळ आहे. संयुक्त राष्ट्रं दर सैनिकामागे ठरलेली रक्कम त्याच्या देशाच्या सरकारला देतात. सैनिकाला त्याचा नेहमीचा पगार आणि आपल्या सरकारने ठरवलेला भत्ता मिळतो. चार पैसे जास्त येतात हे खरं, पण घबाड लागत नाही. ‘तुमच्याकडे आता काय कमी’ म्हणत उसने मागायला येणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

गैरसमज २: सहकुटुंब परदेशात राहणं फक्त मोठ्या साहेबांच्या नशिबी.

वस्तुस्थिती: भारतीय दूतावासांमध्ये संरक्षण सल्लागार म्हणून लष्करी अधिकारी नेमले जातात आणि ते सहकुटुंब राहतात. त्यांच्या कार्यालयात साहाय्यक कर्मचारीही असतात, त्यांनाही कुटुंब नेता येतं. अशा कुटुंबांचे राजनैतिक किंवा शासकीय पासपोर्ट विभागामार्फत दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयाकडून निघतात. त्यासाठी एजंटाला पैसे मोजण्याची गरज नसते.

दुसरं उदाहरण शेजारच्या भूतानचं. १९६२ पासून तिथे भारतीय लष्कराचं प्रशिक्षण पथक आहे आणि त्याचं मुख्यालय ‘हा’ नावाच्या गावी आहे. सीमा रस्ते संघटनेचा ‘दंतक’ प्रकल्प त्याच्याही आधी, १९६१ मध्ये सुरू झाला. घराच्या उपलब्धतेनुसार इथे कुटुंबं राहतात. म्हणजे वर्ध्याच्या एखाद्या सुनेचा परदेशातला पहिला संसार युरोपात नाही तर हिमालयाच्या कुशीत थाटला जाण्याची शक्यता जास्त.

गैरसमज ३: भूतान काय, आपलंच! आधार कार्ड खिशात टाकायचं आणि निघायचं.

वस्तुस्थिती: भारतीयांना भूतानसाठी व्हिसा लागत नाही, इतपत खरं. पण ओळख म्हणून वैध पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधार किंवा पॅन कार्ड त्यासाठी चालत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाचा पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला जवळ हवा. सैनिकाची मूव्हमेंट ऑर्डर, म्हणजे रवानगीचा हुकूम, निघाली की घरच्यांनी आधी हे कागद काढून ठेवावेत. भेटायला जाणाऱ्या सासूसासऱ्यांनाही हाच नियम.

हवामानाला हलक्यात घेणं त्याहून महागात पडतं. वर्ध्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, तर ‘हा’ गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,७०० मीटर उंचीवर आहे आणि हिवाळ्यात तिथे बर्फ पडतो. खोलीत बुखारी, म्हणजे लाकडावर चालणारी शेगडी पेटवावी लागते. तिचा धूर बाहेर जाणारी नळी चोंदलेली नाही ना, हे रोज पाहावं लागतं. बंद खोलीतला धूर जिवावर बेततो.

स्वयंपाकाचंही गणित बदलतं. एवढ्या उंचीवर पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं. त्यामुळे उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजायला बराच जास्त वेळ लागतो आणि घाई केली तर कणी राहते. डाळ आधी भिजवायची, कुकर वापरायचा आणि वर्ध्यात लागतात त्यापेक्षा जास्त शिट्ट्या घ्यायच्या. नवी सून पहिल्याच आठवड्यात ‘माझं वरण बिघडतंय’ म्हणून रडवेली होते तेव्हा दोष तिच्या हाताचा नसतो. हे तिला कोणी आधी सांगितलं असतं तर तेवढं मनाला लागलं नसतं.

गैरसमज ४: फौजीला सगळं आयतं मिळतं, घराला फक्त कुलूप उघडून आत शिरायचं.

वस्तुस्थिती: क्वार्टर हक्काचं असलं तरी ते रांगेतून मिळतं. वेटिंग लिस्ट असते आणि नंबर लागेपर्यंत कुटुंब गावी किंवा भाड्याच्या खोलीत राहतं. पुलगाव कॅम्पमध्ये येणारा जवान असो की भूतानला जाणारा, हे कोणालाच चुकत नाही.

क्वार्टर मिळाल्यावर ‘मार्चिंग इन’ होतं. एमईएसचा, म्हणजे सैन्याच्या बांधकाम-देखभाल विभागाचा, माणूस यादी घेऊन येतो आणि पंखे, ट्यूबलाइट, नळ, खिडक्यांच्या काचा, जाळ्या एकेक करून मोजून ताब्यात देतो. तडा गेलेली काच किंवा गळणारा नळ त्याच वेळी यादीत लिहून घ्यायचा असतो. घर सोडताना ‘मार्चिंग आउट’ला तीच यादी पुन्हा निघते आणि मोडतोडीचे पैसे कापले जातात. पुष्कळदा जवान ड्युटीवर असतो आणि यादीवर नजर ठेवण्याचं काम बायकोवर येतं. तिने न लाजता प्रत्येक नळ सोडून पाहावा, प्रत्येक बटण दाबून पाहावं. त्यात कमीपणा काही नाही.

गैरसमज ५: लग्न झालं, मूल झालं, की सैन्याच्या दफ्तरी नाव आपोआप चढतं.

वस्तुस्थिती: जवानाने पलटणीला कळवलं आणि ‘पार्ट टू ऑर्डर’, म्हणजे दफ्तरी नोंदीचा आदेश, निघाली तरच पत्नी आणि मुलं दफ्तरी येतात. डिपेंडंट कार्ड, दवाखाना, क्वार्टर, परदेशी प्रवास, पुढे पेन्शन, सगळ्याची मुळं या नोंदीत आहेत.

आपल्याकडे यात एक खास अडचण येते. लग्नात मुलीचं नाव बदलण्याची चाल अजून काही घरांत आहे. मग शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पलटणीच्या नोंदीत तिसरंच. कुठे वडिलांचं नाव मधे, कुठे नवऱ्याचं. एका अक्षराच्या फरकानेही काम अडतं. परदेशी नेमणुकीचं पत्र हातात पडल्यावर हे निस्तरायला वेळ मिळत नाही. ज्या घरातला मुलगा फौजेत आहे, त्या घराने लग्नाच्याच वर्षी सगळ्या कागदांवरचं नाव एकसारखं करून घ्यावं.

गैरसमज ६: सततच्या बदल्यांनी मुलांची वर्षं वाया जातात.

वस्तुस्थिती: केंद्रीय विद्यालयांची सोय मुळात बदलीच्या नोकरीतल्या पालकांसाठी आहे. पुलगावच्या कॅम्पातही असं विद्यालय आहे. एका केंद्रीय विद्यालयातून दुसऱ्यात जाताना अभ्यासक्रम तोच राहतो आणि बदलीच्या कागदावर प्रवेशाची वाट सोपी होते. भारताबाहेर अशी विद्यालयं काठमांडू, मॉस्को आणि तेहरान या तीन शहरांत आहेत. इतर ठिकाणी दूतावासातल्या कुटुंबांना तिथल्या शाळा बघाव्या लागतात.

वर्ष वाचतं, पण मुलाचे सवंगडी तुटतात. त्याकडे मोठ्यांचं दुर्लक्ष होतं. नव्या शाळेत पहिले काही आठवडे मूल गप्प राहिलं, जेवणावर रुसलं किंवा अंथरूण ओलं करू लागलं, तर रागावू नये. जुन्या मित्राला फोन लावून द्यावा, घरात मराठी बोलत राहावं, आजीआजोबांशी बोलण्याची वेळ ठरवून द्यावी. दुखणं लांबलं तर डॉक्टरांना विचारायला संकोच करू नये.

गैरसमज ७: नवरा मिशनवर, मग बायकोने सासरीच राहायचं. दुसरीकडे राहिली तर नियत खोटी.

वस्तुस्थिती: सैनिक कुटुंब नेता येणार नाही अशा ठिकाणी गेला, तर त्याच्या कुटुंबासाठी ठराविक लष्करी ठाण्यांवर ‘सेपरेटेड फॅमिली’ क्वार्टरची सोय सैन्यानेच केली आहे. मुलांची शाळा तुटू नये, दवाखाना जवळ असावा आणि आजूबाजूला फौजी शेजार असावा, यासाठी ती आहे. कोणाला सासर सोयीचं, कोणाला माहेर, कोणाला क्वार्टर. हा निर्णय नवराबायकोने मिळून घ्यायचा असतो. त्यावरून सुनेच्या चारित्र्याची चर्चा करणं अन्यायाचं आहे, आणि हजारो किलोमीटरवर पहारा देणाऱ्या मुलाच्या जिवाला त्याने घोर लागतो.

फोनचंही तसंच. दक्षिण सुदानची राजधानी जुबा आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे. तिथली ड्युटी संपेपर्यंत इथे मध्यरात्र झालेली असते आणि नेटवर्कचा भरवसा नसतो. एक दिवस फोन आला नाही म्हणून आकांत करू नये. आलाच तर ठिकाण, तुकडी, परतीची तारीख यांची बित्तंबातमी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये.

गैरसमज ८: देश सोडला की मत गेलं, आणि बाळ तिकडे जन्मलं तर ते तिकडचंच.

वस्तुस्थिती: सैनिक सेवा मतदार म्हणून आपल्या गावच्या मतदारसंघात नाव ठेवू शकतो. वर्धा, देवळी, आर्वी, हिंगणघाट, कुठलाही असो. मतपत्रिका त्याला इलेक्ट्रॉनिक मार्गाने मिळते आणि भरून टपालाने परत येते. त्याच्यासोबत राहणारी पत्नीही सेवा मतदार होऊ शकते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर महिला सैनिकाच्या पतीलाही हा हक्क मिळाला. पत्नी गावीच राहत असेल, तर तिचं नाव गावच्या साध्या यादीत हवं.

भारतीय आईवडिलांचं बाळ परदेशात जन्मलं, तर एका वर्षाच्या आत तिथल्या भारतीय दूतावासात जन्माची नोंद करावी. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. बारशाच्या गडबडीत हे काम मागे पडू देऊ नये.

गैरसमज ९: जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय फक्त माजी सैनिकांचं आणि विधवांचं.

वस्तुस्थिती: सेवेतल्या सैनिकाच्या कुटुंबासाठीही ते आहे. शेताच्या धुऱ्याचा तंटा, सातबाऱ्यावरची अडलेली नोंद, मुलाच्या वसतिगृहाची चौकशी, अशी कामं घेऊन पत्नीने तिथे जावं. कोर्टकचेरीचं म्हणाल, तर १९२५ पासून एक कायदाच आहे. युद्धाच्या किंवा अन्य विशेष परिस्थितीत सेवेत असलेल्या सैनिकाच्या गैरहजेरीत दावा एकतर्फी निकाली निघू नये, म्हणून न्यायालयाला काम पुढे ढकलता येतं. फौजीच्या पाठीमागे धुरा सरकवणाऱ्या भाऊबंदांनी हे ऐकलेलं बरं.

नऊही समजांच्या मुळाशी एकच चूक आहे. परदेशी पोस्टिंग ही एकट्या जवानाची गोष्ट आहे, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बायकोला नवी जागा, नवे कागद, नवी शाळा, नवी हवा सगळं एकटीने अंगावर घ्यावं लागतं, मग ती भूतानला गेलेली असो नाहीतर पुलगावच्या क्वार्टरमध्ये राहिलेली. सीमेवरच्या जवानाला आपण सलाम करतो, तो करायलाच हवा. त्याबरोबर गावातल्या फौजी घरी जाऊन ‘वहिनी, कोणता कागद अडलाय, तालुक्याला मी सोबत येऊ का’ असं विचारलं, तर तिच्या ओझ्याचा मोठा भाग हलका होईल. अमुक मिळतं, तमुक मिळत नाही, असं छातीठोकपणे सांगण्याआधी पलटणीला किंवा सैनिक कल्याण कार्यालयाला विचारून घ्यावं. एवढं तर कोणालाही जमण्यासारखं आहे.